कळ

वादी कबीर, शुक्रवार, शटर अर्धं खाली.
फोमच्या तुकड्यावर आडवा पाडलाय
दुकानाच्या हिशेबाचा डबा,
एका कुशीने उघडा, पोटात धुळीची लोकर.
इथली धूळ मैद्यासारखी;
बोटाने पुसली तर बोटालाच राहते.

जुनी डिस्क तीन दिवस टकटकत होती,
बंद दारावर कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तशी.
तिच्यातलं सगळं बुधवारी रात्री नवीवर उतरवून घेतलं:
क्लच प्लेटी, बेल्ट,
अर्बाब खमीसच्या भाच्याची न संपणारी उधारी.
नवी हातात घेतली तर वजनच नाही.
इतकी वर्षं इतक्या हलक्यात मावतात
हे काही मला बरं वाटलं नाही.

चार स्क्रू. नूरआलमने एक हरवला, म्हणून तीन.
बटण दाबलं, पंखा फिरला,
आणि काळ्यावर पांढरी एकच ओळ:
सुरू व्हावं असं काही सापडत नाही.

सलालाहून फोनवर शकील चौगुले,
माझ्या आधी या खुर्चीत सात वर्षं बसलेला.
त्याला नावं आठवत नाहीत, रंग आठवतात.
"निळं पान उघडलं? त्यात डिस्क दिसते?"
नाही दिसत.
"मग लाल वायर. मान धरून दाब.
ती काय सोयरीक नाय, तुटायची नाय."
टिक्.
दिसली.
नूरआलमने टाळी वाजवली. जरा लवकरच वाजवली.

कंपनीचं चिन्ह आलं, ठिपके गोल फिरले,
मग निळा पडदा, आणि पुन्हा पहिल्यापासून.
चिन्ह, ठिपके, निळा.
उंबऱ्याशी येऊन, काहीतरी विसरलं म्हणून
मागे फिरणाऱ्या माणसासारखं.
नऊ वेळा मोजलं.
दहाव्याला नूरआलम जुम्म्याच्या नमाजला गेला.

शकील बराच वेळ गप्प.
त्याच्या मागे कुणीतरी शहाळं फोडत होतं.
"तारीख बघ रे."
कोपऱ्यात, बारीक:
एक जानेवारी दोन हजार नऊ, रात्रीचे बारा वाजून सात.
"सेल गेलाय. बोर्डावरचा, रुपयाएवढा.
भिंतीतली वायर काढलीस तेव्हाच सगळं विसरलाय तो.
डिस्कशी बोलायचं कसं, तेही.
आता तिला कळत नाय अशा जुन्या बोलीत हाका मारतोय."

नमाजाची वेळ, बकाले बंद.
वरच्या खोलीत वजनाचा काटा होता,
डॉक्टरने घ्यायला लावलेला.
त्याचा सेल काढला.
काटा आता शून्यही दाखवत नाही.

बोली बदलली: "खालून दुसरं, त्यातलं वरचं."
राहिली तारीख.
दिवस सोपा, महिना सोपा.
वर्षाला मात्र एकच कळ,
एका दाबाला एकच वर्ष.
दहा. मी इथे नव्हतो.
अकरा.
बारा, विमानतळावर शकील,
हातात माझ्या नावाचा पुठ्ठा, नाव चुकलेलं.
तेरा चौदा पटापट.
पंधराला बोट थांबलं.
"काय झालं?"
काही नाही. कळ अडकतेय. धूळ.
"फुंकर मार."
मारली.
सोळा सतरा अठरा,
मग मोजायचं सोडलं, दाबत राहिलो,
इतका की एक वर्ष पुढेच निघून गेलो
आणि खालच्या कळीने गुपचूप मागे आलो.

चिन्ह. ठिपके.
खमीसच्या भाच्याचं खातं, जसंच्या तसं.
नूरआलम परतला,
चपलेच्या तळव्यात रुतलेला चौथा स्क्रू घेऊन.

शकीलने फोन ठेवला नव्हता.
"झाला चालू? ऐकव."
मी फोन डब्याच्या पोटाशी धरला.
बराच वेळ धरला.
"पंखाच ऐकू येतो," तो म्हणाला,
"ती टकटक कुठे गेली?"